अर्ध्यावर थांबलेला कप

जुनी फिल्म खराब व्हायला लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो. डब्याचं झाकण उघडलं की नाकात झणका बसतो, डोळ्यांत पाणी येतं. मस्कतला वादी कबीरमध्ये टायरवाला आणि गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा, या दोघांच्या मधोमध आमचं दुकान होतं. तिथे असा डबा उघडला की काउंटरवरचा पास्कल ओरडायचा, "मोहन, झाकण लाव रे बाबा! मम्मीच्या किचनमध्ये उभं असल्यासारखं वाटतं, आणि समोर ताटच नाही." पास्कल वसईचा, त्यांच्या स्वयंपाकात व्हिनेगर असतंच. घरच्या वासाची चेष्टा केली की त्याचा दिवस बरा जायचा.

संपादकांनी सांगितलं, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. गमती आहेत, त्या आधी सांगून टाकतो. पण हा लेख मी त्या गमतींसाठी लिहायला घेतलेला नाही.

आमचं काम साधं होतं. लोकांच्या घरातल्या व्हिडिओ कॅसेट, जुन्या फिल्मची रिळं आणायची आणि त्यांच्या डीव्हीडी करून द्यायच्या. फिल्मसाठी एक जुना प्रोजेक्टर होता. त्याच्यासमोर पडद्याऐवजी कॅमेरा बसवलेला. रीळ चालवायचं, कॅमेऱ्यानं ते टिपायचं, मग कॉम्प्युटरवर घेऊन साफसूफ करायची. दोन हजार दहानंतरची चार-पाच वर्षं हा धंदा जोरात होता, कारण कॅसेट चालवायची यंत्रं घरोघरी बंद पडत होती आणि आठवणी मात्र त्यांच्यातच अडकून होत्या.

इब्रा गावाहून एक ओमानी आजोबा यायचे. त्यांच्याकडे त्यांच्या उंटाच्या शर्यतीची कॅसेट होती. उंट दुसरा आला होता. त्यांची मागणी एवढीच, की शेवटचा भाग हळू चालवून दे. मी दिला. अजून हळू कर म्हणाले. तोही केला. मग माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "अजून थोडा हळू कर, इन्शाल्ला पुढे जाईल." एका बाईंना त्यांच्या लग्नाच्या कॅसेटमधून जाऊबाईंना काढायचं होतं. चाळीस ठिकाणी मी जाऊबाईंना काढलं. एकाच दृश्यात नवरीच्या खांद्यावर त्यांचा हात तेवढा राहिला. बाई म्हणाल्या, "असू दे, हात कोणाचापण असू शकतो."

या कापाकापीत माझा हात बसलेला होता. देवगडला असताना मी लग्नांचं शूटिंग करायचो. चार तासांचं लग्न दीड तासात बसवायचं, ही तिथली शिकवण. भटजी पोथीत पान शोधतायत, वऱ्हाडी नुसते बसलेत, नवरा घाम पुसतोय, हा सगळा 'मेला भाग'. तो आधी काढायचा. कॉम्प्युटरवर आवाजाची एक रेघ दिसते. कोणी बोललं, बँड वाजला की रेघ वरखाली होते; काही नसेल तर सपाट. हात बसल्यावर मी चित्र बघायचं सोडून दिलं होतं. रेघ सपाट दिसली की काप, पुढे जा. जोड दिसू नये म्हणून तिथे एक दृश्य दुसऱ्यात विरघळवायचं. माझ्या डीव्हीडीला कोणी जांभई देत नाही, असं अर्बाबसुद्धा गिऱ्हाइकांना सांगायचे. दुकान त्यांचं, माझा व्हिसा त्यांच्या हातात, आणि मला या कौतुकाचं फार होतं.

राहायला मी वादी अदाईला, एका खोलीत चौघं. चौघांच्या ड्यूट्या वेगळ्या, त्यामुळे खोलीत माणसं कमी आणि वाळत टाकलेले कपडे जास्त. खिडकीतून तांबूस उघडे डोंगर दिसायचे, झाड नाही, झुडूप नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या घरची बारशी, वाढदिवस, सहली बघायच्या आणि संध्याकाळी तिथे यायचं. शुक्रवारी फोनवर बायको विचारायची, "आणखी काय?" आणि मी म्हणायचो, "आणखी काही नाही." मला ते खरंच वाटायचं.

अशात एके दिवशी एक अमेरिकन बाई तीन डबे घेऊन आल्या. नाव सुझन, पंचावन्नच्या आसपासच्या, एका कॉलेजात शिकवायच्या, बौशरला फ्लॅट. डबे त्यांच्या आईचे. आई त्या वेळी ऐंशीच्या पुढे, विधवा, तिकडे एकटी नको म्हणून लेकीनं मस्कतला आणलेली. उन्हामुळे आई बाहेर गाडीतच बसून होती. काचेतून मला फक्त पांढरे केस आणि गळ्याभोवती नीट बांधलेला रुमाल दिसला.

"माझी आई नटी होती," सुझन म्हणाल्या. ज्या सुरात आपण 'माझी आई पोस्टात होती' म्हणतो, त्याच सुरात. "सिनेमात, मग टीव्हीवर. आता तिला हे बघायचंय. आणि याच्या वासानं आमच्या घरात राहवत नाही."

आमच्या फॉर्मवर खाली दोन चौकोन असायचे. एक, मूळ फिल्म परत हवी. दोन, नष्ट करावी. आंबलेली फिल्म शेजारच्या चांगल्या फिल्मलाही खराब करते, म्हणून बरेच लोक दुसऱ्या चौकोनावर खूण करायचे. सुझननीही केली. गाडीत जाऊन आईला विचारलं नाही. मीही 'विचारून या' म्हटलं नाही.

तीन रिळांपैकी एकात धुण्याच्या पावडरीच्या जाहिराती होत्या. दुसऱ्यात घोडेवाल्या काउबॉयच्या मालिकेचा एक भाग. त्यात सुझनची आई, म्हणजे आमच्या मॅडम, खिडकीशी उभ्या राहून कोणाची तरी वाट बघतात. तिसऱ्यात एक नाटक होतं. त्या काळी अमेरिकेत टीव्हीवर नाटकं थेट व्हायची, म्हणजे नट स्टुडिओत करतायत त्याच क्षणी लोक घरी बघतायत. चूक झाली तर झाली. ती जपून ठेवायची तर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्र घ्यायचे. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी ते माझ्यासाठी आखडलेलं, वेडंवाकडं झालेलं एक रीळ होतं. जपून चालवलं, खरखर काढली. खरखर गेल्यावर रेघ स्वच्छ झाली, आणि एका जागी लांब सपाट दिसली. कापली. जोड विरघळवला. डीव्हीडी दिली, आणि फॉर्मप्रमाणे रिळं नगरपालिकेच्या पेटीत गेली.

आठवड्यानं दोघी आल्या. या वेळी मॅडम आत आल्या. उंच, ताठ, हातात काठी, पण तिच्यावर भार टाकत नव्हत्या. नमस्कार-चमत्कार झाल्यावर म्हणाल्या, "काम सुंदर केलंत. पण मध्ये एक जागा आहे ती दिसत नाही."

"कुठली, मॅडम?"

"नाटकात माझा नवरा मासेमारीला गेलाय. दीर येऊन सांगतो, बोट सापडली, माणसं नाहीत. मी लगेच म्हणायचं होतं, 'मग त्याचं ताट उचलून ठेवते.' संहितेत लगेच होतं. पण माझ्या हातात कॉफीचा कप होता, आणि तो अर्ध्यावर थांबला. मी बोलले नाही. बराच वेळ बोलले नाही. कॅमेऱ्यामागचा माणूस हात हलवून हलवून वेडा झाला, त्यांना वाटलं मी वाक्य विसरले. मी विसरले नव्हते." त्यांनी काठी काउंटरला टेकवली. "सिनेमात माझं चांगलं काम होतं ते सगळं कापलं गेलं. उरलं काय, तर 'डॉक्टर आत आहेत' आणि 'साहेब, तुमचा फोन'. तीस वर्षं मी पुरुषांसाठी दारं उघडली. पण ही जागा थेट होती. ती कोणालाच कापता आली नाही. म्हणून मला ती बघायची आहे."

काय झालं ते मला तेव्हाच कळलं होतं. सुझन हळूच म्हणाल्या, "आई, मी दोनदा बघितलं. दीर बोलतो आणि तू लगेच बोलतेस. थांबणं वगैरे काही नाहीये."

"आहे."

"गेल्या महिन्यात तू म्हणालीस, गॅस बंद केला. तो चालू होता."

मॅडम माझ्याकडे वळून अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "तुम्ही फिल्म पाहिलीत. तुम्ही सांगा."

त्याच्या पंधरा दिवस आधी आमच्या यंत्रानं एका गिऱ्हाइकाची एकुलती एक कॅसेट खाल्ली होती. अर्बाब भले माणूस, पण त्या दिवशी स्पष्ट म्हणाले होते, आणखी एक तक्रार आली की खलास, तिकीट काढून देतो. माझा व्हिसा त्याच महिन्यात नवा व्हायचा होता. पण फक्त भीतीच होती असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. पास्कल बाजूला उभा होता, आणि कापण्यात माझी चूक होते हे मला त्याच्यासमोर म्हणवेना.

"फिल्ममध्ये असंच होतं, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. दोनदा. सुझननी त्यांचा दंड धरला आणि म्हणाल्या, "काही हरकत नाही, आई. हे आपण डॉक्टरांना सांगू."

त्या गेल्यावर पास्कल म्हणाला, "म्हातारी एकदम राणीसारखी आहे यार. डोकं गेलंय बहुतेक."

मी म्हटलं, "हं."

तो जेवायला गेल्यावर मी कॉम्प्युटर उघडला. आम्ही न कापलेली फाइल महिनाभर ठेवायचो. ती होती. सपाट रेघेपाशी गेलो आणि या वेळी रेघ झाकून चित्र बघितलं.

दीर बोलतो. कप टेबलावरून उचलला गेलाय, तो छातीच्या उंचीवर येऊन थांबतो. मॅडम दिराकडे बघत नाहीत, रडत नाहीत. कपाकडे बघतात, जणू यात काय आहे ते आत्ताच विसरल्या. मग कपाच्या कडेवर एक बोट हलतं, एवढंसं. कप परत खाली जातो, न पिता, आवाज न करता. आणि मग वाक्य. मी देवगडचा. आमच्या बंदरावर लहानपणी एक बाई मी अशीच थांबलेली पाहिली आहे, तिच्या हातात पाखडायचं सूप होतं. ते मी साफ विसरलो होतो. मॅडमच्या त्या कपानं ते परत आणून दिलं. मी तो तुकडा तीनदा बघितला. बावीस सेकंद होते.

ठरवलं की नवी डीव्हीडी करायची, स्वतः नेऊन द्यायची, कान धरायचे. उद्या. मग परवा. दुकानात लग्नाची कामं होतीच.

पाचव्या दिवशी सुझनचा फोन आला. आवाज थकलेला. "त्रास देतेय, माफ करा. आम्हाला डॉक्टरांकडे जायचंय. आई अजून त्या जागेबद्दल बोलते. मला स्वतःला खात्री हवी आहे. तुमच्याकडे मूळ कॉपी काही उरली आहे का?"

हातात आयती संधी होती. ती बाई मला खरं बोलायची विनंती करत होती.

"नाही, मॅडम," मी म्हणालो. "काही उरलं नाही."

फोन ठेवला आणि फाइल डिलीट केली. कॉम्प्युटरवरची कचऱ्याची पेटीही रिकामी केली. खोटं बोललो होतो, ते खरं करून टाकलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, पास्कलला नाही, घरी नाही.

महिन्याभरानं पुन्हा बोलावणं आलं, मॅडमचा डीव्हीडी प्लेअर चालेना. पास्कल जायला निघाला होता. मी म्हटलं, मी जातो. का गेलो माहीत नाही. सांगायला गेलो असंही वाटतं, आणि सांगावं लागू नये म्हणून प्लेअर नीट करून द्यायला गेलो असंही वाटतं.

बौशरच्या त्या फ्लॅटमध्ये दुपारी चारला त्या एकट्याच होत्या. प्लेअरची वायर सैल झाली होती, दोन मिनिटांचं काम. त्यांनी चहा केला. केल्यावर गॅस बंद केला, आणि मी बघतोय हे बघून परत एकदा बटण तपासून दाखवलं. हसल्या. मी हसू शकलो नाही.

"मला अमेरिकेत नेतायत," त्या म्हणाल्या. "विसरणाऱ्या म्हाताऱ्यांचं एक घर आहे. बाग आहे म्हणे. सुझन चांगली मुलगी आहे, तिचं चुकत नाही." मग म्हणाल्या, "तुमच्या घड्याळात सेकंदकाटा आहे?"

"आहे."

"मग मोजा."

त्या खुर्चीत सरळ बसल्या. चहाचा कप उचलला, छातीपाशी आणला आणि थांबल्या. बाहेर रस्त्यावर गाड्यांचा आवाज चालू होता. मॅडम मात्र जणू त्या खोलीत नव्हत्याच. कडेवर बोट हललं, एवढंसं. कप खाली गेला, आवाज झाला नाही. मग त्यांनी ते ताटाचं वाक्य म्हटलं, अगदी साधेपणानं.

"किती?"

"बावीस," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, आणि मग विझला. "दर वेळी बावीसच येतात. म्हणजे मी मनात घोकून घोकून पाठ केलंय," त्या म्हणाल्या. "नसलेली गोष्ट माणूस इतकी पक्की करू शकतो, बघा. मी आयुष्यभर वाईट नटी होते आणि या एका जागेच्या जोरावर स्वतःला चांगली समजत आले."

मी समोर बसून होतो. 'मॅडम, ती जागा होती, मी कापली,' एवढं म्हणायचं होतं. तेवढं इंग्रजी मला येत होतं. मी चहा संपवला, कप उचलून बेसिनमध्ये ठेवला, आणि "थँक यू, मॅडम" म्हणून निघालो. दारात त्यांनी माझा हात हातात घेतला. "मला बरं वाटेल असं खोटं तुम्ही बोलू शकला असतात," त्या म्हणाल्या. "नाही बोललात. आभारी आहे."

पुढच्या आठवड्यात त्या अमेरिकेला गेल्या. सुझनही वर्षभरात मस्कत सोडून गेल्या, असं पास्कलनं ऐकलं.

माझा व्हिसा नवा झाला. आणखी तीन वर्षं मी तिथे काढली आणि ती वर्षं मला नीटशी आठवत नाहीत. वादी अदाईच्या खोलीत पाण्याचा ग्लास उचलला की हात मध्येच थांबायचा. खोलीतला तेलंगणाचा गडी विचारायचा, "क्या हुआ भाई?" मी म्हणायचो, कुछ नहीं. हळूहळू आवाजाची रेघ मला बघवेना. लग्नाच्या कॅसेटमधला मेला भाग तसाच ठेवायला लागलो. भटजी पान शोधतायत, ठेव. बाप मांडवाच्या खांबाला टेकून नुसता उभा आहे, ठेव. गिऱ्हाइकं कंटाळायला लागली. अर्बाब म्हणाले, "मोहन, यल्ला, पूर्वीसारखं कर." मला पूर्वीसारखं करता येईना. शेवटी मीच घरी जातो म्हणालो. विमानतळावर पास्कल म्हणाला, "जा. कोणाला तरी काय झालं ते सांग. मला नाही सांगितलंस." म्हणजे इतकी वर्षं त्याला काहीतरी कळत होतं.

येताना बॅगेत मी सुझनचा तो फॉर्म आणला होता. त्यावर त्यांचा ईमेल होता. आता देवगडला माझं छोटं दुकान आहे. त्या दुकानात बसून गेल्या वर्षी मी त्यांना पत्र लिहिलं. चार ओळींचं पत्र लिहायला मला सात दिवस लागले. तुमच्या आईची आठवण बरोबर होती. ती जागा फिल्ममध्ये होती. ती मी कापली, तुम्ही विचारल्यावर खोटं बोललो, आणि फाइल पुसून टाकली. माफी मागितली नाही. मागणं म्हणजे त्यांच्याकडून आणखी काहीतरी घेणं झालं असतं.

दोन महिने काही आलं नाही. मग एका सकाळी सुझनचं उत्तर आलं, ते त्यांच्याच शब्दांत देतो. आई गेली, त्याला आता बराच काळ झाला. त्या घरात शेवटी शेवटी जेवताना ती कप उचलायची आणि मध्येच थांबायची. तिथल्या लोकांनी ते आजाराचं लक्षण म्हणून वहीत लिहून ठेवलं होतं, आणि मी त्याखाली सही केली होती. मला रागवायचं आहे, पण त्याआधी एक सांगा. त्या फिल्ममध्ये ती किती वेळ थांबली होती?

दुकानात समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला झेरॉक्स हवी होती. मी त्याला हातानंच थांब म्हटलं, आणि लिहिलं: बावीस सेकंद.